डिव्हिनिटी स्कूल म्हणजे पाद्री घडवायची शाळा नव्हे

जळगाव-धुळ्याकडे एक समज घट्ट बसलाय: डिव्हिनिटी स्कूलला, म्हणजे विद्यापीठातल्या धर्माच्या अभ्यासाच्या शाखेला, गेलेलं पोर पाद्री होऊन, धर्म बदलूनच परततं. हे साफ चुकीचं आहे. १८१६ मध्ये सुरू झालेल्या हार्वर्ड डिव्हिनिटी स्कूलमध्ये हिंदू, बौद्ध, मुस्लिम, कुठलाच धर्म न मानणारेही शिकतात. प्रवेशाला धर्मांतराची अट नाही. तिथली दोन वर्षांची थिऑलॉजिकल स्टडीजची (धर्मशास्त्राची) पदवी अभ्यासाचीच. अमळनेरला १९१६ मध्ये प्रताप शेठजींनी उभारलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात वेदान्त शिकलेला प्रत्येक जण कुठे संन्यासी झाला? तीन वर्षांची मास्टर ऑफ डिव्हिनिटी मात्र धर्मसेवेकडे वळते. पण ती घेऊन कित्येक जण रुग्णालयात, शेवटच्या घटका मोजणाऱ्यांच्या उशाशी बसतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं. आणि धर्मगुरू होण्याची दीक्षा? ती विद्यापीठ देत नाही, ज्याचा त्याचा पंथ देतो.