एका ओळीवरून पुस्तक कसे ओळखू येते?

एकाने पुस्तकातले एखादे वाक्य वाचून दाखवायचे, पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव गुलदस्त्यात ठेवायचे आणि बाकीच्यांनी ते पुस्तक ओळखायचे, हा खेळ पुस्तकवेड्या घरांत जुना आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडण्याची सोय नसते. अशा वेळी महाल किंवा धरमपेठ अशा एखाद्या वस्तीतल्या घरी कूलरसमोर चारपाच वाचक जमले की तो सहज सुरू होतो. खेळ साधा आहे, पण त्यात एक गोष्ट अशी घडते की तिच्याकडे नीट पाहायला हवे. ज्याला त्या पुस्तकातले एकही वाक्य स्वतःहून म्हणून दाखवता येणार नाही, ज्याने ते पुस्तक कॉलेजात असताना एकदाच वाचले आहे, तोच वाचक दहाबारा शब्द कानावर पडताच पुस्तकाचे नाव सांगतो आणि पुष्कळदा बरोबर सांगतो. वाक्य पाठ नव्हते, तर मग त्याने ओळखले काय?

वाक्य पाठ नसते, हे प्रयोगाने दिसून आलेले आहे. जॅकलिन सॅक्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना दुर्बिणीचा शोध यांसारख्या विषयांवरचे उतारे ऐकवले आणि मध्येच थांबवून, आधी येऊन गेलेले एक वाक्य पुन्हा ऐकवून, ते जसेच्या तसे आहे की बदललेले आहे, असे विचारले. वाक्य नुकतेच संपलेले असेल तर कर्तरी रचनेची कर्मणी केलेली असली तरी लोकांच्या ते ध्यानात येत होते. मध्ये ८० अक्षरांएवढा, म्हणजे सुमारे अर्ध्या मिनिटाचा मजकूर गेला की मात्र रचनेतला बदल त्यांना फारसा ओळखता येत नव्हता. अर्थातला बदल तेव्हाही पकडला जात होता. शब्दांची मांडणी मेंदू लवकर सोडून देतो आणि आशय जपतो. त्यामुळे कित्येक वर्षांपूर्वी वाचलेली वाक्ये कुठेतरी शब्दशः साठवलेली असतात आणि खेळाच्या वेळी ती ताडून पाहिली जातात, ही समजूत निदान गद्यापुरती तरी सोडून द्यावी लागते. ओवी आणि अभंग यांचे तसे नाही. तिथे चरणांचे माप, यमक आणि अर्थ हे तिन्ही मिळून पुढच्या शब्दाला इतकी थोडी मोकळीक ठेवतात की शब्द जागचे हलत नाहीत. या खेळात पद्य घेऊ नये असा काही जाणत्या वाचकांचा आग्रह असतो, तो मला योग्य वाटतो.

स्मृतीच्या अभ्यासात आठवणे आणि ओळखणे ही दोन वेगळी कामे मानली जातात आणि दोन्ही कामे खुणेवर अवलंबून असतात. एंडेल टुलव्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी १९७३ मध्ये मांडलेले तत्त्व असे, की एखादी खूण आठवण जागी करील की नाही, हे ती खूण मूळ अनुभवाच्या वेळी त्याच्यासोबत मनात नोंदली गेली होती की नाही, यावर ठरते. त्यांच्या प्रयोगांत तर असेही दिसले, की समोर ठेवूनही लोकांना जो शब्द ओळखता आला नव्हता, तोच शब्द शिकतानाची मूळ खूण देताच त्यांना आठवला. पुस्तकाच्या बाबतीत ही खूण कथेतल्या प्रसंगाची असू शकते, निवेदकाच्या सुराची असू शकते, किंवा ज्या वयात आणि ज्या घरात ते वाचले, त्या काळाचीही असू शकते. म्हणून एकच ओळ एका वाचकाला काहीच सांगत नाही आणि शेजारी बसलेल्याला मात्र अख्खे पुस्तक समोर उभे करते. सारखेच वाचन असलेल्या दोन माणसांत असा फरक का पडतो, याचे उत्तर हुशारीत शोधण्याचे कारण नाही.

मग येते ती ओठांवर आलेल्या नावाची अवस्था. पुस्तकाचे मुखपृष्ठ डोळ्यांसमोर असते, शेवटही आठवत असतो, फक्त नाव येत नाही. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ मध्ये याच अवस्थेचा अभ्यास केला, तेव्हा न आठवणाऱ्या शब्दाचे पहिले अक्षर आणि त्याची लांबी लोक पुष्कळदा बरोबर सांगू शकतात, असे आढळले. याच्या जोडीला एक नेहमीची चूक असते: ओळ ओळखीची वाटते, लेखकही बरोबर सांगितला जातो, पण पुस्तक त्याच लेखकाचे दुसरेच निघते. काय वाचले याची आठवण आणि ते कुठे वाचले याची आठवण, या दोन निरनिराळ्या वाटा आहेत. मार्शिया जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे, की आठवणीवर उगमाचे नाव लिहिलेले नसते; ते आपण तिच्या तपशिलांवरून नंतर ठरवतो.

लेखक बरोबर आणि पुस्तक चूक, ही चूक मोलाची आहे, कारण वाचकाने शैली ओळखल्याचा तो पुरावा आहे. शैली मोजता येते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या ८५ निबंधांपैकी १२ निबंध अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे की जेम्स मॅडिसन यांचे, हा वाद दीर्घकाळ चालला होता. फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये तो विषयाच्या शब्दांवरून न सोडवता किरकोळ शब्दांवरून सोडवला. ‘अपॉन’ हा इंग्रजी शब्द हॅमिल्टन हजार शब्दांमागे सुमारे ३ वेळा वापरत, मॅडिसन क्वचितच. असे अनेक शब्द मोजून त्यांनी ते १२ निबंध मॅडिसन यांचे असल्याचा निष्कर्ष काढला. विषय बदलला की नामे आणि विशेषणे बदलतात. ‘आणि’ लिहायचे की ‘व’, ‘पण’ की ‘परंतु’, ‘सुद्धा’ की ‘देखील’, या सवयी मात्र लेखकाच्या नकळत टिकून राहतात. मराठीत ही मोजणी अधिक कष्टाची आहे, कारण विभक्तिप्रत्यय आणि ‘च’, ‘ही’ यांसारखी अव्यये शब्दाला चिकटतात, तेव्हा मोजण्याआधी ती सोडवून घ्यावी लागतात.

पण अशा मोजणीला हजारो शब्दांचा मजकूर लागतो आणि खेळणाऱ्याच्या हाती तर दहाबारा शब्द असतात. तेवढ्यावर भागते कसे, हे माहितीच्या गणिताने समजते. सारख्याच संभाव्य अशा १,०२४ पुस्तकांतून एक निवडायचे असेल, तर दर वेळी उरलेल्यांपैकी अर्धी पुस्तके बाद करणारे १० हो-नाही प्रश्न पुरतात. २० प्रश्नांत १० लाखांहून अधिक पुस्तकांतून एकावर पोचता येते. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा द्विभाषिक प्रांताची राजधानी होते आणि इथल्या पुष्कळ वाचकांच्या कपाटात दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात. कपाटात मराठीइतकीच हिंदी पुस्तके आली म्हणून काम दुप्पट होत नाही, प्रश्न फक्त एक वाढतो. आणि त्याचे उत्तर ओळीच्या पहिल्याच शब्दाने दिलेले असते. संवादात ‘मले’, ‘तुले’ किंवा ‘जाऊन राहिला’ असे रूप आले की वऱ्हाड-नागपूरबाहेर घडणाऱ्या बहुतेक कथा एका क्षणात मागे पडतात. निवेदन प्रथमपुरुषी आहे की नाही, पत्र आहे की तार, पैसा आण्यांत आहे की रुपयांत, अशी एकेक खूण कपाट निम्मे, कधी दशांश करते. शिवाय सगळी पुस्तके सारखी संभाव्य नसतात: गटात सर्वांनी वाचलेल्या पुस्तकाकडे अंदाज आधीच झुकलेला असतो, आणि वाचून दाखवणारा कोण आहे हीसुद्धा एक खूण असते.

यावरून ओळ कशी निवडावी, हेही कळते. माहितीच्या याच गणिताचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी १९५१ मध्ये इंग्रजी मजकुरातले पुढचे अक्षर ओळखायला लावले, तेव्हा १२९ अक्षरांपैकी ८९ अक्षरे पहिल्याच प्रयत्नात बरोबर आली. जे आधीच ओळखता येते ते काही सांगत नाही. ओळीतली माहिती तिच्या अनपेक्षित जागी असते. तरीही अनपेक्षित आणि प्रसिद्ध हे एकच नव्हे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये सुमारे १,००० चित्रपटांतले संवाद तपासले, तेव्हा लोकांच्या तोंडी बसलेल्या वाक्यांत शब्द वेगळे पण वाक्यरचना नेहमीची असते, असे दिसले. शिवाय ती वाक्ये मूळ प्रसंगापासून सुटून कुठेही लावता येण्याजोगी असतात. नेमके हेच खेळाच्या मुळावर येते. सुभाषितासारखे वाक्य पुस्तकाशी सर्वांत कमी बांधलेले असते आणि ते ओळखणारा पुस्तक ओळखत नाही, त्या वाक्याची कीर्ती ओळखतो. त्याऐवजी एखादा माणूस दार उघडतो, कंदील खाली ठेवतो, कुणाला तरी उत्तर देण्याचे टाळतो, असे साधे वाक्य घ्यावे, ज्यात कथेचा काळ आणि निवेदकाची सवय दोन्ही उतरलेली असतात. मी स्वतः अशीच वाक्ये निवडतो. त्यांवर वाद अधिक होतो आणि ती ओळखणाऱ्याने पुस्तक खरोखर वाचलेले असते.

खेळ गटाने खेळताना आणखी एक गोष्ट पाळण्यासारखी आहे. एकत्र बसून आठवणारा गट, तितक्याच माणसांनी वेगवेगळे बसून आठवलेल्या गोष्टींच्या बेरजेपेक्षा कमी आठवतो, हे १९९७ मध्ये मेरी सुझन वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांनी दाखवले. दुसऱ्याने मोठ्याने सांगितलेला अंदाज आपल्या शोधाची वाट मोडतो, हे त्याचे एक मान्य स्पष्टीकरण आहे. म्हणून ओळ दोनदा वाचावी, मग सर्वांनी काही वेळ गप्प राहून आपापले नाव आणि ते सुचण्याचे कारण कागदावर लिहावे आणि कागद उघडल्यावरच बोलायला सुरुवात करावी. बोलणे टाळायचे मात्र नाही, कारण समोर आलेल्या नावांतून योग्य नाव ओळखण्याच्या कामात गट पुष्कळदा एकट्यापेक्षा सरस ठरतो: एकाने ‘पन्नाशीच्या दशकातले’ असे लिहिलेले असते, दुसऱ्याने ‘नदीकाठचे गाव’, आणि तिसऱ्याच्या कागदावर असलेले पण त्याने स्वतःच खोडून टाकलेले नाव त्या दोन कारणांमुळे पुन्हा विचारात येते.