नर नसलेल्या टाकीतली पिल्लं

२०२४च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली एक पाकट, म्हणजे शार्कच्या दूरच्या नात्यातली चपट्या अंगाची मासळी, जगभर गाजली. शार्लट तिचं नाव. एका छोट्या मत्स्यालयातल्या टाकीत ती राहत होती, तिच्या जातीचा एकही नर सोबत नव्हता, आणि तरी ती गाभण असल्याचं जाहीर झालं. टाकीत शार्क होते. मीलनाच्या वेळी नर शार्क मादीला दातांनी धरून ठेवतो, आणि हिच्या अंगावर चावल्याच्या खुणा दिसल्या होत्या. एवढ्या भांडवलावर ‘शार्कपासून पाकटीला पिल्लं होणार’ ही बातमी उभी राहिली आणि मोबाइलमोबाइलवर पोचली. मे महिन्याच्या अखेरीस मत्स्यालयाने सांगितलं, की तिला जननसंस्थेचा दुर्मिळ आजार आहे. पिल्लं झालीच नाहीत, आणि काही आठवड्यांत ती मेली. हा उत्तरार्ध मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही.

शार्क आणि पाकट यांच्या वाटा २५ कोटी वर्षांपेक्षाही आधी वेगळ्या झाल्या. त्यांचा संकर होणं शक्य नाही. अगदी जवळच्या दोन जातींचा होतो: ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर ब्लॅकटिप शार्कच्या दोन सख्ख्या जातींचे ५७ संकरित मासे संशोधकांना सापडले होते. पण त्या दोन जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखतानाही तज्ज्ञांची तारांबळ उडते, इतक्या त्या सारख्या आहेत.

गंमत अशी, की या खोट्या बातमीच्या पोटात एक खरी गोष्ट होती. नर नसताना शार्क आणि पाकटांना पिल्लं होतात. ती कुठून येतात, एवढाच प्रश्न.

पहिली शक्यता साठवणीची. मादीच्या अंडवाहिनीत एक ग्रंथी असते. अंड्याभोवतीचं कवच तिथेच तयार होतं आणि त्याच ग्रंथीच्या बारीक नलिकांमध्ये शुक्राणू महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात. कॅलिफोर्नियातल्या एका बांबू शार्क मादीने नराशी शेवटचा संबंध आल्यानंतर किमान ४५ महिन्यांनी पिल्लू दिलं, आणि त्या पिल्लात बापाचा डीएनए सापडला. म्हणजे ‘टाकीत नर नाही’ याने काहीच सिद्ध होत नाही. पावणेचार वर्षांपूर्वी होता का, तेही विचारावं लागतं.

दुसरी शक्यता अनिषेकजननाची, म्हणजे शुक्राणूविनाच अंड्यातून पिल्लू वाढण्याची. २००१च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात बॉनेटहेड जातीच्या हातोडी शार्कला एक पिल्लू झालं. टाकीतल्या तिन्ही माद्या फ्लोरिडातून लहानपणीच पकडून आणलेल्या होत्या. तेव्हा त्या वयातच आलेल्या नव्हत्या, त्यामुळे साठवलेल्या शुक्राणूंचा युक्तिवाद लंगडा पडत होता. पिल्लू एका दिवसातच टाकीतल्या पाकटीने मारलं. पण त्याचा नमुना जपून ठेवला होता, आणि २००७मध्ये डीएनए तपासणीचा निकाल छापून आला: बाप नाहीच.

आता ‘बाप नाही’ हे डीएनएवरून कसं कळतं? मला या सगळ्यात सर्वांत देखणा वाटतो तो हाच भाग, म्हणून इथे जरा थांबू या.

शाळेतलं अर्धगुणसूत्री विभाजन आठवा. शरीरातल्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राची जोडी असते, एक आईकडचं आणि एक बापाकडचं. अंडं तयार होण्याआधी या दोघांचीही प्रत बनते, म्हणजे आता चार धागे. पहिल्या विभाजनात आईकडची जुळी एका बाजूला जातात आणि बापाकडची जुळी दुसऱ्या. दुसऱ्या विभाजनात ही जुळी एकमेकांपासून सुटतात. नर या चार धाग्यांपासून चार शुक्राणू बनवतो. मादी तसं करत नाही. तिला सगळा अन्नसाठा एकाच अंड्यात भरायचा असतो, म्हणून दर विभाजनात एक पेशी मोठी राहते आणि दुसरी नावापुरती चिमुकली. या चिमुकलीला पोलर बॉडी म्हणतात. तिच्यात गुणसूत्रं आहेत, पण शिदोरी नाही. एरवी ती विरून जाते.

अनिषेकजननात ती विरत नाही. दुसऱ्या विभाजनात वेगळी झालेली पोलर बॉडी पुन्हा अंड्यात मिसळते आणि शुक्राणूची जागा घेते. गुणसूत्रांची संख्या पूर्ण होते आणि गर्भ वाढू लागतो. पण बघा, अंड्यातलं गुणसूत्र आणि या पोलर बॉडीतलं गुणसूत्र ही जुळी आहेत, एकाच धाग्याच्या दोन प्रती. म्हणून पिल्लू आईची हुबेहूब नक्कल नसतं, जसं बातम्यांत ‘क्लोन’ म्हणून सांगतात. ते आईच्या निम्म्याच वारशाचं, पण तोच दोनदा मिळालेलं पिल्लू असतं.

डीएनएत काही जागी दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि तो किती वेळा येतो हे प्रत्येकाचं वेगळं असतं. समजा, एका जागी आईकडे १२ आणि १७ अशा दोन आवृत्त्या आहेत आणि एखाद्या नराकडे १४ आणि २१. या दोघांच्या पिल्लाकडे १२ किंवा १७ यातली एक असेल, आणि १४ किंवा २१ यातली एक. बाप नसलेल्या पिल्लाकडे १२-१२ असेल, नाहीतर १७-१७. एखाद्या जागी असं योगायोगानेही होऊ शकतं, पण आईकडे जिथे जिथे दोन आवृत्त्या आहेत अशा एकामागोमाग एक जागांवर पिल्लाकडे एकच निघू लागली, तर योगायोग संपतो. (पहिल्या विभाजनाआधी आईकडच्या आणि बापाकडच्या धाग्यांत तुकड्यांची अदलाबदल होते, त्यामुळे जुळी शंभर टक्के सारखी राहत नाहीत आणि गुणसूत्राच्या टोकांकडे कुठेकुठे १२-१७ शिल्लक राहू शकतं. हा कंस डोक्यावरून गेला तरी हरकत नाही.)

सस्तन प्राण्यांत हे आपोआप होत नाही, कारण आपली काही जनुकं फक्त बापाकडून आलेल्या प्रतीवरच चालू असतात. तेव्हा ‘चमत्कारी मातृत्वाला विज्ञानाचा दुजोरा’ असं काही यातून निघत नाही. शार्कवरून माणसावर उडी मारायची खोड जुनीच आहे. ‘शार्कला कॅन्सर होत नाही’ म्हणत त्यांच्या कूर्चेच्या गोळ्या जगभर विकल्या गेल्या. शार्कला कॅन्सर होतो, आणि रुग्णांवरच्या चाचण्यांत त्या गोळ्यांचा काडीचा उपयोग दिसला नाही.

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या मत्स्यालयातली लिओनी ही झेब्रा शार्क आणखी एक पाऊल पुढे गेली. तिला आधी नरापासून पिल्लं झाली होती. २०१२मध्ये नराला वेगळं केलं, आणि २०१६मध्ये तिच्या अंड्यांतून तीन पिल्लं बाहेर आली. साठवलेले शुक्राणू हा पहिला संशय होता. डीएनएने तो खोडून काढला. म्हणजे तीच मादी दोन्ही मार्ग वापरू शकते.

पण हे सगळं टाकीतलं. समुद्रात असं घडतं का? याचं उत्तर दुसरंच काही शोधताना हाती आलं. फ्लोरिडाच्या नदीमुखांत लहान दातांचा करवत मासा उरला आहे. हा पाकटांचा नातलग, लांबोडक्या करवतीमुळे जाळ्यात हमखास अडकणारा, २००३पासून अमेरिकेत संकटग्रस्त म्हणून जाहीर झालेला. संख्या इतकी घटल्यावर नात्यातच मीलन होत असेल का, हे तपासायला संशोधक पिल्लं पकडत, पराचा छोटासा तुकडा कापून घेत, खूण लावत आणि परत सोडत. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातला एक पीएचडीचा विद्यार्थी हे नमुने तपासत होता. नात्यातल्या मीलनाने आवृत्त्या थोड्याफार जुळतात. सात मासे मात्र त्या हिशेबात बसेनात, कारण त्यांच्यात जवळपास सगळीकडे १७-१७चाच प्रकार होता. २०१५मध्ये हे प्रसिद्ध झालं: तपासलेल्या माशांपैकी सुमारे ३ टक्के बापाविना जन्मलेले, आणि वाढ वयाच्या मानाने नेहमीसारखी. पाठीचा कणा असलेल्या आणि एरवी नर-मादीच्या मीलनातून वाढणाऱ्या प्राण्यात, मोकळ्या निसर्गात अशी जगणारी पिल्लं सापडण्याची ही पहिलीच वेळ.

यावर ‘आता करवत मासा स्वतःच स्वतःला वाचवेल’ असे मथळे आले, आणि ते मला पटत नाहीत. नर सापडेनासा होण्याइतके मासे विरळ झाले, की हा मार्ग उघडत असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. तसं असेल तर ही पिल्लं तब्येत सुधारल्याची नव्हे, बिघडल्याची खूण आहेत. शिवाय ती सगळी मादीच, कारण आईकडे एक्सखेरीज दुसरं लिंग-गुणसूत्रच नाही. वारसाही निम्मा: एखाद्या जनुकाची खराब प्रत मिळाली, तर सावरून घ्यायला दुसरी प्रत नाही.

मग ती वांझ असतात का? म्युनिकच्या मत्स्यालयातल्या एका बांबू शार्कने याचं उत्तर दिलं. ती स्वतः बापाविना जन्मलेली होती, आणि २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार तिला पुढे पिल्लू झालं, तेही नराशिवाय. तिच्या बाबतीत दोन पिढ्या टिकल्या. फ्लोरिडातल्या त्या सात जणी खुणा लावून पाण्यात परत सोडल्या आहेत. त्यांतली एखादी मोठी होऊन एखाद्या नराला भेटली, तर तिच्या पिल्लांत पुन्हा १४ आणि २१ दिसू लागतील.