इंटरप्टचा क्रमांक: देणे सोपे, परत घेणे अवघड

काही दिवसांपूर्वी एका स्नेह्यांच्या लिनक्स संगणकावर, काम ऐन रंगात आलेले असताना, टर्मिनलवर आपोआप एक ओळ उमटली: ‘नो आयआरक्यू हँडलर फॉर व्हेक्टर’. अमुक प्रोसेसरकडे अमुक क्रमांकाची वर्दी आली, परंतु ती घेणारे तेथे कोणी नाही, असा त्या ओळीचा अर्थ. घरात त्यावर दोन निदाने झाली. एकाच्या मते संगणकात व्हायरस शिरला होता आणि दुसऱ्याच्या मते बुध वक्री होता. बुध वर्षातून तीन-चार वेळा, दर वेळी सुमारे तीन आठवडे, वक्री दिसतो. म्हणजे कोणताही बिघाड घेतला तरी तो वक्री बुधाच्या काळात पडण्याची शक्यता पाच-सहात एक असतेच. पृथ्वीवरून दिसणाऱ्या त्या भासाचा सिलिकॉनच्या तुकड्याशी काहीही संबंध नाही. या ओळीमागे अनेक कारणे असू शकतात, पण त्यांतले एक असे आहे की ते समजून घेताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा असलेला कार्यक्रम, लिहिणाऱ्यांच्या सावधपणाविषयी मनात आदर निर्माण होतो.

प्रोसेसर सूचना एकामागून एक पाळत असतो. कळ दाबली गेली, नेटवर्क कार्डावर माहिती आली किंवा डिस्कने मागितलेला मजकूर आणून ठेवला, की ते उपकरण प्रोसेसरला मध्येच थांबवते. यालाच इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर सतत प्रत्येक उपकरणाकडे ‘काही आहे का?’ म्हणून विचारणा करत फिरतो, हा समज चुकीचा आहे. उपकरण वर्दी देते आणि वर्दीसोबत एक क्रमांक पोचतो. तो क्रमांक म्हणजे व्हेक्टर. शाळेत शिकलेल्या सदिशाशी त्याचा संबंध नाही. ही ० ते २५५ यांमधली केवळ एक संख्या आहे. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरमध्ये या संख्येनुसार एका तक्त्यातली ओळ उघडली जाते आणि तिथे लिहिलेल्या पत्त्यावरचा कार्यक्रम चालू होतो. ६४ बिटांच्या रचनेत तक्त्याच्या प्रत्येक ओळीला १६ बाइट लागतात, म्हणून २५६ ओळींचा तक्ता बरोबर ४०९६ बाइटांचा, म्हणजे मेमरीच्या एका पानाएवढा (मेमरी ज्या ठरावीक तुकड्यांत वाटली जाते त्यांतल्या एका तुकड्याएवढा) होतो.

यातले पहिले ३२ क्रमांक इंटेलने प्रोसेसरच्या स्वतःच्या अडचणींसाठी राखून ठेवले आहेत. शून्याने भागले तर ०, संरक्षणाचा नियम मोडला तर १३, हवे ते पान मेमरीत नसेल तर १४. (तेराचा इथे अशुभाशी संबंध जोडू नये, क्रमाने तो आकडा वाट्याला आला, एवढेच.) हे राखीवपण सुरुवातीला पाळले गेले नाही. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीने उपकरणांच्या आठ इंटरप्ट-वाहिन्या ८ ते १५ या क्रमांकांवर जोडल्या, आणि पुढच्या प्रोसेसरांनी तेच क्रमांक स्वतःच्या त्रुटींसाठी वापरायला घेतल्यावर ८ हा घड्याळाचा ठोका आहे की प्रोसेसरची गंभीर त्रुटी, हे क्रमांकावरून कळेनासे झाले. म्हणून संरक्षित पद्धतीने चालणारे कर्नल सुरू होतानाच त्या जुन्या वाहिन्या वरच्या क्रमांकांवर हलवतात. आजच्या लिनक्समध्ये त्यांना ४८ ते ६३ ही जागा आहे. १२८ हा क्रमांक ३२ बिटांच्या कार्यक्रमांनी कर्नलला हाक मारण्यासाठी ठेवलेला आहे. अगदी वरच्या टोकाचे क्रमांक प्रोसेसरांच्या आपसातल्या निरोपांसाठी आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या टायमरसाठी लागतात. हे सगळे वजा केले की उपकरणांना वाटायला सुमारे २०० क्रमांक उरतात.

पूर्वी ही संख्या भरपूर वाटे. परंतु आजची वेगवान डिस्क किंवा नेटवर्क कार्ड दर प्रोसेसरमागे एक स्वतंत्र रांग ठेवते आणि रांगेगणिक एक इंटरप्ट मागते. इंटरप्ट मागण्याच्या एमएसआय-एक्स या पद्धतीत उपकरणाच्या एका स्वतंत्र भागाला (फंक्शनला) २०४८ पर्यंत इंटरप्ट मागता येतात. २००६ साली ६४ बिटांच्या लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसरला क्रमांकांचा आपापला हिशेब मिळाला, त्यामुळे ८० हा क्रमांक एका प्रोसेसरवर डिस्कचा आणि दुसऱ्यावर नेटवर्क कार्डाचा असू शकतो. टंचाई त्याने बरीच हटली, पण संपली नाही. ६४ प्रोसेसरांचा सर्व्हर घ्या आणि प्रत्येकावर उपकरणांचे केवळ पाच क्रमांक वापरात आहेत असे धरा. संगणक झोपवताना कर्नल एक सोडून सगळे प्रोसेसर बंद करतो आणि त्यांचे इंटरप्ट उरलेल्या एकाकडे येतात. ६४ गुणिले ५ म्हणजे ३२०, आणि जागा आहेत २००.

ही कोंडी फोडण्यासाठी लिनक्स कर्नलचे एक विकासक थॉमस ग्लाइक्सनर यांनी २०१७ साली वाटपाची नवी व्यवस्था लिहिली. ती लिनक्सच्या ४.१५ या आवृत्तीत आली. तिचे मर्म असे, की ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या कार्यक्रमाने) इंटरप्ट मागितला म्हणून खरा क्रमांक लगेच खर्ची घालायचा नाही. केवळ नोंद करून ठेवायची आणि तो इंटरप्ट प्रत्यक्ष वापरात येईल तेव्हा, सर्वांत जास्त जागा मोकळ्या असलेला प्रोसेसर पाहून, खरा क्रमांक द्यायचा. बरेच ड्रायव्हर हौसेने मोठी मागणी नोंदवतात आणि त्यातले थोडेच वापरतात, म्हणून ही काटकसर फार उपयोगी ठरते. रांगेशी बांधलेल्या इंटरप्टांसाठी मात्र त्या-त्या प्रोसेसरवर जागेची हमी असते, आणि रांगेचे सगळे प्रोसेसर बंद झाले तर तो इंटरप्ट दुसरीकडे न हलवता तात्पुरता बंदच केला जातो. वरच्या उदाहरणातले बहुतेक ३२० इंटरप्ट अशा रीतीने गर्दीतून बाहेर पडतात.

आता माझ्या सर्वांत आवडीच्या भागाकडे येतो. समजा, एक इंटरप्ट प्रोसेसर २ वरून प्रोसेसर ५ वर हलवायचा आहे. कर्नल ५ वर नवा क्रमांक काढतो आणि उपकरणाला नवा पत्ता कळवतो. मग २ वरचा जुना क्रमांक ताबडतोब दुसऱ्या उपकरणाला द्यायला काय हरकत आहे? हरकत अशी, की नवा पत्ता पोचण्याच्या आधीच उपकरणाने जुन्या पत्त्यावर एक वर्दी धाडलेली असू शकते आणि ती अजून वाटेत असू शकते. घर बदलल्यावर जुन्या पत्त्यावर टपाल येत राहते, तसेच हे. जुनी नोंद पुसली तर ती वर्दी बेवारस ठरेल (सुरुवातीच्या त्या ओळीमागचे एक कारण हेच), आणि क्रमांक दुसऱ्याला दिला तर ती भलत्याच ड्रायव्हरच्या दारात जाईल.

म्हणून कर्नल दोन्ही क्रमांक काही काळ सांभाळतो. उपकरणाची पहिली वर्दी प्रोसेसर ५ वर नव्या क्रमांकाने आली, की उपकरणाने नवा पत्ता घेतल्याची खात्री पटते. मगच प्रोसेसर ५ हा प्रोसेसर २ ला ‘आता आवर’ असा निरोप धाडतो. अनेक वर्षे या निरोपासाठी ३२ हा क्रमांक राखलेला होता, आणि ती निवड विचारपूर्वक केलेली होती. प्रत्येक प्रोसेसरच्या अंगच्या इंटरप्ट-नियंत्रकात, म्हणजे लोकल एपिकमध्ये, व्हेक्टरला १६ ने भागून येणारा पूर्णांक ही प्राधान्याची पायरी असते, आणि पायरी सारखी असेल तर मोठा क्रमांक आधी जातो. उपकरणांना मिळू शकणाऱ्या क्रमांकांत ३२ सर्वांत लहान, म्हणून सर्वांच्या मागे. प्रोसेसर २ ने काही क्षण इंटरप्ट अडवून धरलेले असतील आणि जुनी वर्दी ताटकळत असेल, तर अडसर निघताच आधी तिचे काम होते आणि मग आवराआवरीची पाळी येते.

तरीही कर्नल तेवढ्यावर विसंबत नाही. लोकल एपिकमध्ये ताटकळणाऱ्या वर्द्यांचे २५६ बिटांचे एक रजिस्टर असते, दर व्हेक्टरला एक बिट. जुना क्रमांक सोडण्याआधी कर्नल नेमका तो बिट वाचतो. तो १ असेल तर क्रमांकाला हात न लावता तोच निरोप पुन्हा स्वतःलाच धाडतो आणि बाजूला होतो. बिट ० दिसला, तरच जुनी नोंद निघते. अलीकडच्या कर्नलमध्ये निरोपाचे काम एका टायमरकडे दिले आहे आणि ३२ वरची ती राखीव पाटी निघाली आहे, पण बिट तपासणे आणि तो १ असेल तर पुन्हा येणे तसेच राहिले आहे.

लिनक्स असलेल्या कोणाही वाचकाला हे स्थलांतर पाहता येईल. ‘प्रोक’ या फोल्डरातली ‘इंटरप्ट्स’ नावाची फाइल उघडली, की दर प्रोसेसरला एक स्तंभ आणि दर इंटरप्टला एक ओळ दिसते. स्नेह्यांच्या संगणकावर आम्ही माऊस ज्या यूएसबी नियंत्रकाला जोडला होता त्याची ओळ शोधली; माऊस हलवला की तिसऱ्या स्तंभातला आकडा वाढत होता. मग तो इंटरप्ट सहाव्या स्तंभाच्या प्रोसेसरकडे वळवण्याची आज्ञा दिली आणि माऊस पुन्हा हलवला. तिसऱ्या स्तंभातला आकडा जिथल्या तिथे थांबला, सहाव्यातल्या शून्याचे बघता बघता ४१ झाले, आणि टर्मिनलवर कोणतीही नवी ओळ उमटली नाही.