क्वारंटाइन आणि आयसोलेशन: दोन्हीत माणूस कोंडला जातो, पण कारण वेगळं

या दोन गोष्टींची लोक सर्रास सरमिसळ करतात. आजार झालाय हे ज्याच्याबाबतीत नक्की कळलंय त्याला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन, आणि जो नुसता रुग्णाच्या संपर्कात आलाय, ज्याला लागण झालीही असेल किंवा नसेलही, त्याला काही दिवस अडवून ठेवणं म्हणजे क्वारंटाइन. बाहेरून बघितलं तर दोन्हीकडे माणूस खोलीतच, पण त्याचं स्वातंत्र्य कशाच्या जोरावर काढून घेतलंय हे विचारा, मग फरक कळतो.

आयसोलेशनमध्ये पुरावा असतो, तरी प्रश्न सुटतोच असं नाही. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन, तिच्या अंगात टायफॉइडचे जंतू होते पण तिला स्वतःला काहीच त्रास नव्हता. १९०७ मध्ये तिला बेटावरच्या हॉस्पिटलात नेऊन ठेवलं, १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक करायचा नाही या अटीवर सोडलं, मग ती कपडे धुवायच्या कामाला लागली पण त्यात पैसे कमी, शेवटी नाव बदलून ती परत स्वयंपाकघरात गेली आणि १९१५ मध्ये सापडली, त्यानंतर १९३८ मध्ये मरेपर्यंत बेटावरच. तिच्यापासून लोकांना धोका होता हे खरंच, पण तसेच जंतू अंगात असलेले बाकीचे लोक मोकळे फिरत होते, म्हणून मला तरी हा अन्यायच वाटतो.

क्वारंटाइनमध्ये तर फक्त शंका असते, म्हणून तिथे सरकारने जास्त जपून वागायला हवं. गोवरासारखा आजार अंगावर पुरळ दिसायच्या आधीच पसरतो, तिथे अडवण्यात अर्थ आहे. इबोला लक्षणं दिसायच्या आधी पसरत नाही, तरी २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत रुग्णसेवा करून अमेरिकेत परतलेल्या एका नर्सला, टेस्ट निगेटिव्ह असूनही, न्यू जर्सीत तंबूत ठेवलं. पुढे ती मेन राज्यात आपल्या घरी गेली तेव्हा तिथल्या न्यायाधीशांनी तिला घरात डांबायला नकार दिला, तब्येतीवर रोज लक्ष ठेवा एवढं पुरे म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

म्हणून क्वारंटाइनचा आदेश निघाला की किती दिवस, तेवढेच का, दाद कुठे मागायची हे विचारायलाच हवं, आणि त्याच्याही आधी हे की तेवढ्या दिवसांचा पगार कोण देणार, कारण रोजंदारीवर जगणाऱ्याला घरी बसवून उपाशी ठेवलं तर पुढच्या वेळी तो कोणाच्या संपर्कात आला होता ते सांगणारच नाही, आणि आजार पसरत राहील.