अंड्याऐवजी काय घालू?

मुंबईत केक मागवायला गेलात की लगेच विचारणा होते, 'एगलेस का?' घरी मात्र पाककृतीत दोन अंडी दिसली की प्रश्न उलटा येतो: त्याऐवजी काय? दही, केळं, जवस, कंडेन्स्ड मिल्क अशी उत्तरं मिळतात, आणि प्रत्येक उत्तर कुठे ना कुठे बरोबर असतंच. अंडं त्या पदार्थात कोणतं काम करतंय, ते पाककृतीतल्या सूचनेवरून ओळखायचं.

'पांढरं वेगळं करून घट्ट फेसा' असं लिहिलं असेल, तर काम आहे हवा धरून ठेवण्याचं. पांढऱ्यात सुमारे 90 टक्के पाणी आणि 10 टक्के प्रथिनं असतात. फेसताना प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि बुडबुड्यांभोवती जाळं तयार होतं. बलकाचा थेंब पडला, तर त्यातली चरबी मध्ये येते आणि फेस चढत नाही. अंडं गार असताना बलक सहज सुटा होतो. फेसायला मात्र गारवा गेलेला बरा. इथे जवसाचा उपयोग नाही. काबुली चणे शिजवलेलं बिनमिठाचं पाणी चालतं, पातळ असेल तर आटवून. एका अंड्याच्या पांढऱ्याला दोन मोठे चमचे. हे पाणी पांढऱ्यासारखं फेसाळतं, हे जोएल रोसेल या फ्रेंच गृहस्थाने 2014 च्या सुमारास दाखवून दिलं.

कटलेटमध्ये अंडं फक्त बांधून ठेवतं. तिथे जवसाची पूड, एक चमचा पुडीला तीन चमचे पाणी घालून चिकट होईपर्यंत ठेवलेली, पुरते. खरं तर बटाटा नीट कोरडा असेल तर तीही नको. साध्या केकला दही आणि खायचा सोडा: दह्यातल्या आम्लामुळे सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो लगेच निघू लागतो, म्हणून ओव्हन आधी तापलेला हवा.

कस्टर्डचं काम अवघड. अंड्याचं पांढरं 62 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागतं, बलक थोडं वर. कॉर्नफ्लोअरने दाटपणा येतो, पण ती थरथर नाही.

परदेशी पाककृतीत 'अंडी, लोणी रूम टेम्परेचरला' म्हणजे साधारण 20 अंश. मे महिन्यात मुंबईच्या स्वयंपाकघरात लोणी बाहेर ठेवलं तर ते तेलकट होतं आणि साखरेबरोबर फेटताना हवा धरत नाही. लोणी थंडसर असतानाच फेटायला घ्या. अमेरिकी 'लार्ज' अंडं कवचाशिवाय 50 ग्रॅमच्या आसपास भरतं. आपल्याकडची बरीच अंडी त्याहून लहान, म्हणून मोजण्यापेक्षा वजन करावं.

बुर्जीत तर अंडं हाच पदार्थ. पनीर किंवा टोफू कुस्करून पोत साधतो, वास नाही. त्यासाठी काळं मीठ: त्यातली गंधकाची संयुगं उकडलेल्या अंड्यासारखीच वासाची असतात. ती उष्णतेने उडतात, म्हणून मीठ गॅस बंद केल्यावर भुरभुरायचं.