गॅरेजातली लिफ्ट आणि फरशीखालची काळी माती

मिस्त्रीने पहार घातली आणि शहाबादी फरशीचा एक तुकडा कोपऱ्यातून उचलला. खाली दीड इंच सिमेंट-वाळूचा माल होता. त्याखाली निदान हातभर मुरूम असेल असा आमचा अंदाज. निघाली बोटभर मुरमाची भुकटी आणि मग थेट काळी माती. एप्रिलचे दिवस, मातीला भेगा पडलेल्या. मिस्त्रीने पहारीचं टोक एका भेगेत सहज सोडलं तर ते वीतभर आत गेलं. भाचा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. त्याच्या मोबाइलमध्ये तेव्हा टू पोस्ट लिफ्टची, म्हणजे गाडी उचलणाऱ्या दोन खांबी यंत्राची, तीन कोटेशनं होती आणि फक्त टोकन द्यायचं बाकी होतं.

भाच्याचं घर जुळे सोलापुरात. त्याला जुन्या प्रीमियर पद्मिनीचा नाद आहे आणि त्याचा रविवार तिच्याखाली जातो. एक जॅक, दोन घोड्या, पाठीखाली पोत्याचं पान. घराच्या मागे चौदा फूट उंचीचं पत्र्याचं शेड आहे, म्हणून त्याच्या डोक्यात लिफ्टने घर केलं. कोटेशन आणणाऱ्यांपैकी दोघांनी मोटर किती हॉर्सपॉवरची, रंग कोणता, वॉरंटी किती हे सगळं सांगितलं. खाली काय आहे, हे एकानेही विचारलं नव्हतं. आणि माझ्या मते लिफ्टच्या व्यवहारात विचारण्यासारखा पहिला प्रश्न तोच आहे.

वरचं यंत्र तसं सोपं आहे. गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते, तिची दोन टोकं दोन भिंतींना लावून तो लेव्हल काढतो. त्या नळीत जे पाणी निमूटपणे करतं, त्याच घराण्यातली गोष्ट लिफ्टमधलं तेल करतं. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला की तो कमी न होता सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने मांडलं. त्याचं हे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापलं गेलं. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं ते १७९५ मध्ये. म्हणजे नियम कळल्यावर तो कामाला जुंपायला माणसाला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

हिशेब करून बघू. १,२०० किलोची गाडी, दोन खांब, एकेकावर ६०० किलो. खांबातल्या सिलिंडरचा व्यास ४ सेंटिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला ४८ किलो दाब येतो. गाडीच्या टायरमध्ये हाच आकडा सव्वादोनच्या आसपास असतो. म्हणजे टायरच्या वीसपट दाब देणारा पंप आणि तो सोसणारी नळी असली की गाडी वर जाते. काही लिफ्टमध्ये सिलिंडर साखळीमार्फत दुप्पट अंतर ओढतो, तिथे दाबही दुप्पट लागतो. काहीही असलं तरी तेलाला हे जड जात नाही. जड जातं ते जमिनीला.

कारण टू पोस्ट लिफ्टमध्ये गाडी खांबांच्या डोक्यावर नसते, ती दोन खांबांच्या मधे, खांबांना जोडलेल्या लोखंडी हातांवर तोललेली असते. खांबाच्या पायाशी लोखंडी प्लेट असते, आणि गाडीचा भार त्या प्लेटला आतल्या बाजूला कलवू पाहतो. प्लेटची आतली कड म्हणजे टेकू. भाराची रेघ त्या टेकूपासून साधारण ६० सेंटिमीटरवर जाते, तर बाहेरच्या बाजूचे अँकर बोल्ट टेकूच्या पलीकडे जेमतेम ३० सेंटिमीटरवर असतात. मिस्त्रीच्या पहारीचंच गणित. लांब बाजूला ६०० किलो लटकले की आखूड बाजूला १,२०० किलोची ओढ बसते, आणि ती वरच्या दिशेने. खांब जमिनीत रुततो अशी आपली समजूत असते. खरं तर त्याचे मागचे बोल्ट जमिनीतून उपटले जाऊ पाहत असतात.

अँकर बोल्ट म्हणजे काँक्रीटला भोक पाडून ठोकायचा आणि आवळला की खाली फुगून बसणारा बोल्ट. त्याला ताकदीबाहेर ओढलं तर बहुतेक वेळा बोल्ट तुटत नाही, त्याच्याभोवतीचं काँक्रीटच शंकूच्या आकारात उखडून येतं, मुळासकट रोप उपटल्यावर मातीचा गड्डा येतो तसं. बोल्ट जितका खोल त्याच्या दीडपट त्रिज्येचा हा शंकू असतो. १० सेंटिमीटर खोल बोल्टचा शंकू वर ३० सेंटिमीटर पसरतो. म्हणून काँक्रीटच्या कडेला किंवा सांध्याजवळ बोल्ट मारला की शंकू अर्धवट राहतो आणि पकड जाते. खोलीचा हिशेब तर आणखी फसवा आहे. खोली निम्मी केली तर पकड निम्मी होत नाही, जेमतेम तिसरा हिस्सा उरते. आता शहाबादीचा विचार करा. १० सेंटिमीटरच्या बोल्टपैकी वरचे ३ फरशीत, ४ मालात. फरशी आणि माल हे दोन्ही एकमेकांना आणि जमिनीला नुसते चिकटलेले असतात, त्यांना धरून ठेवणारं कुणी नसतं. उरलेल्या ३ सेंटिमीटरवर तुम्ही गाडी टांगणार, आणि इथे तर तेही मातीत.

शहाबादीवर माझा राग नाही. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारा हा चुनखडीचा दगड सोलापूरच्या उन्हाळ्यात पायाला गार लागतो. दुपारी वामकुक्षीला त्याच्यासारखी जागा नाही. लिफ्टसाठी मात्र तो उचलून बाजूला ठेवायचा.

आता मूळ मुद्दा, काळी माती. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हारस पसरून तो बनला, आणि तो झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण पापडासारख्या थरांचे असतात आणि दोन थरांमध्ये पाणी शिरलं की थर एकमेकांपासून लांब सरकतात. माती फुगते. पाणी गेलं की आकसते, भेगाळते. सोलापुरात हे फारच नाट्यमय होतं, कारण वर्षाचे कित्येक महिने कोरडे आणि सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पाण्याच्या पाळ्या न देता नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते, ती याच गुणामुळे. जे शेतकऱ्याचं भांडवल, तेच घर बांधणाऱ्याचं दुखणं. कुंपणाच्या भिंतीला नागमोडी तडा नाही असं घर काळ्या मातीच्या भागात शोधून दाखवा.

आणि फुगवटा सगळीकडे सारखा झाला तर एक वेळ चालेल. तसा तो होत नाही. शेडच्या एका बाजूला पन्हाळीचं पाणी पडतं, दुसरी बाजू कोरडी राहते. तीन मीटरच्या अंतरात एका टोकाला जमीन एक सेंटिमीटर उचलली गेली तर पावणेतीन मीटर उंच खांबाचं डोकं नऊ मिलिमीटर सरकतं. ओळंबा धरून उभा केलेला खांब दिवाळीपर्यंत कलतो, आणि कललेल्या खांबात वरखाली होणारी गाडा-चौकट एका बाजूने घासायला लागते.

तेव्हा आम्ही लिफ्ट बाजूला ठेवली आणि आधी खड्डा काढला. साडेतीन फुटांवर मुरूम लागला. काळी माती सगळी काढली, आणलेला मुरूम वीत-वीत थराने पाणी मारत धुम्मसने बसवला. त्यावर ४ मीटर बाय अडीच मीटर, २० सेंटिमीटर जाडीचा, दोन थरांत सळईची जाळी घातलेला काँक्रीटचा एकसंध बेड घातला. या बेडचंच वजन ५ टन भरतं, गाडीच्या चौपट. दोन्ही खांब या एकाच बेडवर. खालची माती पुढे-मागे हललीच तर दोघे मिळून हलतील.

काँक्रीटच्या ग्रेडवरून गवंड्याशी माझा वाद झाला. तो म्हणे एम-२० पुरे, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन सोसणारं. लिफ्टच्या परदेशी पुस्तिकेत ३,००० पीएसआय लिहिलेलं, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०.७ न्यूटन. दिसायला आकडा एम-२० च्या जवळच. पण अमेरिकेत ही ताकद उभ्या दंडगोलावर मोजतात आणि आपल्याकडे ठोकळ्यावर. तेच काँक्रीट दंडगोलात साधारण २० टक्के कमी ताकद दाखवतं. म्हणजे त्यांच्या ३,००० ला आपल्या ठोकळ्यात २६ च्या आसपास हवेत. मी एम-२५ पेक्षाही एक पायरी वर जाऊन एम-३० घालायला लावलं. वाढीव सिमेंटचे पैसे लिफ्टच्या किमतीपुढे चिल्लर होते.

उन्हाळ्यात काँक्रीट घालणं सोलापुरात पाप नसलं तरी साहस आहे. चाळीस अंशांच्या वर पारा गेला की वरचं पाणी काँक्रीट आवळायच्या आधीच उडून जातं. आम्ही संध्याकाळी बेड घातला, सकाळी वाफे करून पाणी साठवलं आणि कडेला ओलं गोणपाट. सात दिवसांत काँक्रीटला दोन तृतीयांशच्या आसपास ताकद येते, पूर्ण हिशेबाची ताकद २८ दिवसांनी धरतात. लिफ्ट बसवायला येणारी मुलं आठव्या दिवशी ड्रिल घेऊन हजर झाली. "मामा, हे सांगतायत वाजवून बघितलं तर टणक आहे," भाचा फोनवर म्हणाला. टणक असतंच. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

घरात वर स्लॅब असेल तर टू पोस्टचा विचारच सोडावा लागतो. वॅगन-आर १,६७५ मिलिमीटर उंच आहे. ती १.८ मीटर उचलायची तर साडेतीन मीटर मोकळी उंची हवी, आणि आपल्या पार्किंगच्या स्लॅबखाली दहा फूट मिळाले तरी नशीब. तिथे कात्रीसारखी उघडत गाडी मीटर-सव्वा मीटर उचलणारी सिझर लिफ्ट बरी. स्टुलावर बसून ब्रेकचं काम होतं. तिची मोटर सुरुवातीला कण्हते, त्याचं कारण गमतीचं आहे. कात्रीचे पाय जमिनीशी १० अंशांचा कोन करत असतील तर आडवा ढकलणाऱ्या सिलिंडरला भाराच्या साडेपाच पटीहून जास्त जोर लावावा लागतो, ४५ अंशांवर तोच जोर भाराइतका होतो. म्हणून सिलिंडर तिरका बसवतात. फोर पोस्ट म्हणजे चार खांबी लिफ्टला गाडी पट्ट्यांवर चाकांनी उभी राहते, भार सरळ खाली जातो, बोल्टांवर ओढ जवळपास नसते. एकावर एक गाड्या लावायला ती उत्तम. पण चाकं मोकळी होत नाहीत, ती सोडवायला वर आणखी एक जॅक लागतो. जुन्या गॅरेजातला खड्डा सगळ्यात स्वस्त, मला मात्र तो नको वाटतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात उतरून बसते आणि ठिणगीची वाट बघते.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्यांना बघितलंय ना? काठी किती जड, यापेक्षा तिचा तोल कुठे आहे यावर त्यांचं सगळं लक्ष. लिफ्टवर गाडी घेताना तीच नजर हवी. ९०० किलोची छोटी गाडी, दोन चाकांच्या आसांत २,४५० मिलिमीटर अंतर, पुढे ६० टक्के वजन असेल तर गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून ९८ सेंटिमीटर मागे पडतो. आता लिफ्टवर असतानाच इंजिन-गिअरबॉक्स मिळून १३० किलो पुढून उतरवलं, तर तो मध्य १६ सेंटिमीटर मागे सरकतो. हात होते तिथेच, तोल मात्र गेला. इंजिन काढायच्या आधी मागच्या बाजूला उंच स्टँडचा आधार देतात तो यासाठी.

विजेचं म्हणाल तर १,२०० किलो १.८ मीटर उचलायला लागणारी खरी ऊर्जा ०.००६ युनिट. २.२ किलोवॉटची मोटर पाऊण मिनिट चालते आणि ०.०३ युनिट खाते, दहा वॉटचा दिवा तीन तास जळावा तेवढं. बाकीची ऊर्जा तेल तापण्यात आणि आवाजात जाते. बिलाची काळजी नको, पण सुरू होताना ही मोटर चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते. तिला मीटरपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी द्या, मिक्सरच्या बोर्डावर जोडू नका.

जूनच्या पहिल्या रविवारी पद्मिनी हातांवर घेतली. आधी वीतभर उचलून बंपर धरून हलवली, मग पूर्ण वर. वर गेल्यावर भाच्याने थोडी खाली सोडली आणि दोन्ही खांबांत एकामागोमाग 'टक, टक' झालं. गाडी तेलावरून उतरून लोखंडी खाचांवर बसली. त्यानंतर नळी फुटली तरी ती जागची हलत नाही. काम संपलं, खाली घ्यायची वेळ झाली आणि लाइट गेली. आता खाचेतून कुत्रं, म्हणजे खाचेत अडकून गाडी धरणारा लोखंडी अडसर, सोडवायला गाडी आधी दोन बोटं वर उचलावी लागते, आणि उचलायला मोटर. तेल सोडायची झडप हाताने उघडते, पण खाच काही सुटत नाही.

ताई कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन मागच्या दारात आली. अंधारात डोक्यावर लोंबकळणारी पद्मिनी तिने बघितली.

"ही रात्रभर अशीच राहणार?"

"लॉकवर आहे गं आई. पाच टन काँक्रीट आहे खाली."

"असू दे," म्हणत तिने आमची ताटं शेडमध्ये न मांडता ओट्यावर मांडली.