मोदक (फॉन्ट)

मोदक हा मुंबईच्या 'एक टाइप' या फाउंड्रीने (फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने) केलेला गुबगुबीत डिस्प्ले फॉन्ट, म्हणजे मोठ्या मथळ्यांसाठीचा फॉन्ट आहे, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांसाठी. देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची, रोमन नूपुर दात्ये यांची. युनिकोड आहे, म्हणजे नेहमीच्या मराठी टायपिंगवर चालतो, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि लायसन्स ओपन असल्यामुळे धंद्याच्या कामालाही बिनधास्त वापरता येतो, फक्त नुसता फॉन्ट वेगळा विकायचा नाही.

सुरुवात कॉम्प्युटरवर नाही, हाताने काढलेल्या स्केचपासून झाली, आणि ते अक्षरांत अजून दिसतं. साधारण बोल्ड फॉन्टमध्ये रेघ जाड करत गेलं की ब, भ, क्ष यांच्या पोटातली जागा बुजायला लागते, मग डिझायनर कुठेतरी थांबतो. मोदकमध्ये थांबलेच नाहीत! काळा भाग जेवढा भरता येईल तेवढा भरला आणि आतल्या मोकळ्या जागेची फक्त एक बारीक पांढरी रेघ ठेवली, ती रेघच सांगते की हा प आहे की ष. काना-मात्रासुद्धा अक्षरात घुसून एकमेकांवर चढलेल्या. एका शब्दाच्या लोगोसाठी हे कुणीही चांगला लेटरिंग आर्टिस्ट करेल, पण तेच शेकडो जोडाक्षरांना लावायचं आणि तरी वाचता आलं पाहिजे, हे खरं अवघड काम, आणि माझ्या मते या फॉन्टचं मोठेपण तिथेच आहे.

वापर म्हणाल तर मोठे आणि मोजके शब्द. गणपतीचं पोस्टर, लहान मुलांच्या पुस्तकाचं कव्हर, टीशर्ट, स्टिकर, खाऊचं पाकीट, यूट्यूबचं थंबनेल. एकच वजन (रेघेची जाडी) आहे, लाइट-बोल्ड असे प्रकार नाहीत. साइज लहान केली की त्या बारीक रेघा गायब होतात आणि नुसते काळे गोळे उरतात, त्यामुळे पत्ता, तारीख, फोन नंबर यात लिहूच नये, त्यासाठी त्याच फाउंड्रीचा मुक्ता हा फॉन्ट घ्यावा, त्यात सात वजनं आहेत आणि शेजारी शांत दिसतो. कापडावर छापायचं असेल तर आधी एक सॅम्पल काढून बघा, शाई पसरली की पहिली तीच रेघ बुजते. रंग सपाट ठेवा. आउटलाइन, शॅडो, ग्रेडियंट चढवलं की अक्षराची मजा जाते, अक्षर स्वतःच एवढं भरलेलं आहे की वरून काही लागत नाही.

जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं सुटी पडत असतील तर दोष फॉन्टचा नसतो, टाइप सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करावा लागतो.